पंगतीच्या दिवशीचं पाणी

माझ्या निवृत्तीच्या समारंभात तीन भाषणं झाली आणि तिन्हींत मला 'गावाच्या आरोग्याची काळजी वाहणारा माणूस' म्हटलं गेलं. मी शाल पांघरून मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो नम्रपणा वाटला. एक बाई तर नंतर येऊन म्हणाल्या, इतकी वर्षं साहेब असूनही पाय जमिनीवर आहेत. मला पाण्याच्या टाकीवरचा एक माणूस आठवत होता, आणि माझी मान त्याच्यामुळे खाली होती.

मी स्वच्छता निरीक्षक होतो. सॅनिटरी साहेब. पहाटे झाडूवाल्यांची हजेरी घ्यायची, गटारी बघायच्या, डबक्यांत तेल टाकून घ्यायचं, मटणाच्या दुकानांना जाळ्या लावायला सांगायचं, आणि नळाचं पाणी तपासायचं. जळगावात पहिली काही वर्षं काढल्यावर नव्वदच्या आसपास माझी बदली धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या नगरपालिकेत झाली. वय एकोणतीस. अंगात साहेबी नवी होती, आणि नव्या चपलेसारखी ती मला जरा जास्तच वाजवत चालायची सवय होती.

तिथं नदीच्या पात्रात एक विहीर होती. तिचं पाणी मोटारीनं टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, त्यात टीसीएल पावडर टाकायची आणि मग गावाला सोडायचं. टीसीएल म्हणजे पाण्यातले जंतू मारणारी पांढरी पावडर. तिचा वास नाकात बसला की दिवसभर जात नाही. पावडर नळापर्यंत पोचली की नाही ते बघायला आमच्याकडे ओटी नावाची चाचणी होती. काचेच्या छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं आणि औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर ठीक. नाही झालं तर पाणी पिण्यालायक नाही. रोज गावातल्या चार-पाच नळांवर ही चाचणी करून तिचा निकाल रजिस्टरमध्ये लिहायचा, हे माझं काम होतं. टाकीपासून सगळ्यात लांब, शेवटच्या टोकाला असलेल्या नळावर जायलाच हवं असा नियम होता, आणि मी नेमका टाकीजवळच्या नळावर जायचो, कारण तिथं चहा मिळायचा. शेवटच्या टोकाला बौद्धवाडा होता. तिथला निकाल मी बहुतेक वेळा बसल्या जागी लिहीत असे.

पावडर टाकायचं काम ज्यांच्याकडे होतं ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते. रोजंदारीवर त्यांची वीसेक वर्षं झाली होती. राहायला बौद्धवाड्यातच. वाड्यात सगळे त्यांना आबा म्हणायचे. ऑफिसात मात्र शिपायापासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना अरे-तुरे करायचे, आणि मीही. आता लिहिताना 'ते' लिहितोय. ही सुधारणा फुकटची आहे, तिचं मला कौतुक नाही.

माणूस कामाला पक्का होता. पावडरीचं पोतं उघडं राहिलं की तिचा जोर जातो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. ते पोत्याजवळ उभे राहून वासावरून सांगायचे की यात दम उरला नाही, जास्त टाकावी लागेल. तोंडाला ओला रुमाल बांधून बादलीत पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची, हे त्यांनीच मला दाखवलं. डोळे लाल झालेले असायचे. एकदा मी त्यांना स्टोअरमधले गमबूट मिळवून दिले होते. तेवढं एक काम मी त्यांच्यासाठी केलं, आणि ते मी पुढे बरीच वर्षं लक्षात ठेवलं.

त्या गावात एक रीत होती. ती कुठल्या कागदावर नव्हती, पण माझ्या आधीच्या निरीक्षकानं चार्ज देताना ती मला रजिस्टरांसोबतच सांगितली होती. गावात मोठी पंगत असली की त्या दिवशी पाण्यात पावडर टाकायची नाही. आमच्याकडे लग्नाच्या जेवणात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. हजार-दोन हजार माणूस जेवतं. पातेल्यात तूर शिजताना पाण्याला औषधाचा वास असला की तो वरणात उतरतो, आणि मग पाहुणे परत जाताना बट्टीचं नाव न काढता वासाचं नाव काढतात. म्हणून लग्नघरातलं कोणीतरी आदल्या दिवशी पत्रिका घेऊन ऑफिसात यायचं. "साहेब, उद्या पंगत आहे," एवढंच म्हणायचं. तुम्हीही या, असं वर. मी पत्रिका घ्यायचो, आणि टाकीवर निरोप जायचा की उद्या पावडरीला सुट्टी. रजिस्टरमध्ये त्या दिवशीही पाणी पिवळंच व्हायचं.

यात काही चूक आहे असं मला वाटायचं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाटायचं. पण एका दिवसानं काय होतं, असंही वाटायचं, आणि खरोखर काही होत नव्हतं. आदल्या खेपेची पावडर थोडी पाण्यात उरलेली असायची, हिवाळ्यात नदीचं पाणी स्वच्छ असायचं, आणि गाव सुखरूप पंगती उठवायचं. शिवाय लग्नघरी साहेबांना पुढच्या पाटावर बसवायचे. पुढच्या पाटाची चटक वाईट असते.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. गावाला तिसऱ्या दिवशी पाणी सुटायचं. नदीतली विहीर तळाला गेली होती आणि मोटार गाळासकट पाणी ओढत होती. त्यात बौद्धवाड्याकडे जाणारा पाइप एका गटारीच्या आतून जात होता आणि त्याचा सांधा गळत होता. नळ चालू असताना पाणी बाहेर गळायचं. नळ बंद झाले की गटारीतलं पाणी आत ओढलं जायचं. वाड्यातल्या लोकांनी याचे दोन अर्ज दिले होते. मी ते पाणीपुरवठा विभागाकडे पाठवले, त्यांनी ते गटारीचा विषय म्हणून माझ्याकडे परत पाठवले. दोन्ही अर्ज माझ्या टेबलावर होते, एकावर एक.

मे महिन्यात गावातल्या सगळ्यात मोठ्या जिनिंगच्या मालकांकडे मुलीचं लग्न निघालं. कापसाच्या हंगामात अर्धं गाव त्यांच्या जिनात कामाला असायचं. सगळे त्यांना नाना म्हणायचे, मीही. नाना स्वतः ऑफिसात आले, माझ्या टेबलासमोर बसले, पत्रिकेवर हळद-कुंकू लावून ती माझ्या हातात दिली. पंगत म्हणजे मोठीच होती. धुळ्याहून, शिरपूरहून, पार भुसावळहून पाहुणे येणार होते. नानांनी पाण्याचं नावही काढलं नाही. काढायची गरज नव्हती.

लग्नाच्या दिवशीच गावाला पाणी सुटायची पाळी होती. मी पहाटे टाकीवर गेलो. टाकीवरचे ते बादली आणि रुमाल घेऊन तयारच होते.

"आज नाही टाकायची," मी म्हणालो.

त्यांनी टाकीकडे पाहिलं. "साहेब, पानी गढूय शे."

"पंगत आहे. माहीत आहे ना?"

"माहीत शे. पन मनं आयकी ल्या. पावडर टाकाना पहिले त्यासले एक टँकर भरी देऊत. साधं पानी. मंग बाकीनामा टाकूत. बठ्ठा गावले हाईच पानी जास."

म्हणजे पावडर टाकण्याआधी लग्नघरापुरता एक टँकर साध्या पाण्यानं भरून द्यायचा आणि उरलेल्या पाण्यात नेहमीसारखी पावडर टाकायची, कारण हेच पाणी सगळ्या गावाला जातं. इतकं सोपं होतं ते. टँकर आमच्याकडे होता, ड्रायव्हर खालीच झोपला होता. अर्ध्या तासाचं काम. त्या क्षणी मला पहिली गोष्ट काय वाटली असेल तर ही, की हे मला का सुचलं नाही. आणि दुसरी ही, की यांना का सुचलं. मला राग आला. माझ्या खात्यातलं शहाणपण टाकीवरचा रोजंदारीवाला मला सांगतोय, याचा राग.

"तू मला शिकवू नको," मी म्हणालो. "सांगितलं तेवढं कर."

"बरं, साहेब," ते म्हणाले आणि बादली उपडी करून ठेवली.

मी दुपारी पंगतीला गेलो. पुढच्या पाटावर बसलो. वरणाला कसलाही वास नव्हता. मी दोन वेळा वाढून घेतलं.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांचा ऑफिसात फोन आला. बौद्धवाड्यातून रात्रीपासून जुलाब-उलट्यांचे पेशंट येत होते. मी पोचलो तेव्हा खाटा संपल्या होत्या. लोक जमिनीवर सतरंज्या टाकून झोपवले होते, आणि सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना सुतळीनं बांधल्या होत्या. टाकीवरचे ते तिथंच होते. कोणाला उचलून आणत होते, कोणाची बाटली धरून उभे होते. मला बघून म्हणाले, "साहेब, पाइप आजच जोडी द्या." एवढंच. मी हो म्हणालो.

बाकीचं गाव तसं ठीक होतं. पावडर नव्हती तरी वरच्या भागात फारसं काही झालं नाही. वाड्याचं पाणी गटारीतून जात होतं, म्हणून तिथं पावडरीचीच काय ती आडकाठी होती, आणि तीच मी काढून घेतली होती. दुपारी वाड्यातली एक बाई, दोन लहान लेकरांची आई, धुळ्याला सिव्हिलला नेताना वाटेतच गेली. टाकीवरच्यांच्या शेजारचं घर तिचं. ती त्यांना मामा म्हणायची.

त्याच दुपारी निरोप आला की दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून चौकशीला पथक येतंय आणि पाण्याचं रजिस्टर तयार ठेवा.

मी घाबरलो. बाई गेल्याचं कळलं तेव्हा घाबरलो नव्हतो, रजिस्टरचं नाव निघाल्यावर घाबरलो. हे मी इथं लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. पाच वाजायच्या सुमारास मी ऑफिसात बसलो आणि रजिस्टर उघडलं. पंगतीच्या दिवसाची ओळ कोरी होती. जेवून आल्यावर लिहू म्हणून राहिली होती. तिथं 'पिवळं' लिहिलं तर वाड्यात साथ असताना पथक ते लगेच खोटं पाडेल. कोरी ठेवली तर मी त्या दिवशी कुठे होतो असं विचारतील. मग मी सुवाच्य अक्षरात लिहिलं की त्या दिवशी बौद्धवाड्यातील नळावर ओटी चाचणी घेतली, ती नकारात्मक आली, आणि टाकीवरील कर्मचाऱ्यास पावडर न टाकल्याबद्दल समज देण्यात आली.

सरकारी भाषेत समज देणं म्हणजे ताकीद. ताकीद दिली की ज्याला दिली त्याची खाली सही लागते.

मी शिपायाला पाठवून त्यांना दवाखान्यातून बोलावून घेतलं. ते आले, हाताला फिनेलचा वास, डोळे रात्रभर जागलेले. मी रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं आणि बोटानं जागा दाखवली.

"काय लिखेल शे, साहेब?"

"पाइपाचं," मी म्हणालो. "दुरुस्तीचं."

त्या वर्षी आमच्याकडे साक्षरतेचे वर्ग चालायचे. ते संध्याकाळी वाड्यातल्या विहारात बसून अक्षरं गिरवत होते आणि तीन-चार महिन्यांपूर्वीच अंगठा सोडून सही करायला लागले होते. पहिल्यांदा सही केली तेव्हा त्यांनी हजेरीचा कागद सगळ्या ऑफिसला दाखवला होता. आताही त्यांनी पेन नीट धरलं, जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढलं, आणि सही झाल्यावर मला म्हणाले, "उपकार व्हयनात, साहेब." मग पुन्हा दवाखान्यात गेले.

मी रजिस्टर मिटलं. मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली. खरी लाज तर चौकशीच्या दिवशी आली, आणि अजून गेलेली नाही.

चौकशी पालिकेच्या सभागृहात झाली. जिल्ह्याचे अधिकारी टेबलाशी बसले. मी त्यांच्या शेजारी. टाकीवरचे ते समोर उभे. दारात वाड्यातली माणसं दाटीनं उभी होती, त्यात गेलेल्या बाईचा नवरा होता. अधिकाऱ्यांनी रजिस्टरमधली ओळ मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं आणि विचारलं, "ही सही तुझी?"

ते खाली वाकले. मला वाटलं सही ओळखताहेत. पण त्यांचे ओठ हलत होते. ते ओळ वाचत होते, अक्षर जोडून जोडून, पहिल्या शब्दापासून. सभागृहात सगळे थांबून राहिले होते. शेवटच्या शब्दापर्यंत आले, आणि मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी नजर खिडकीकडे वळवली.

"सही मनीच शे," ते म्हणाले.

"पावडर का टाकली नाही?"

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. पंगत झाली हे सगळ्या सभागृहाला माहीत होतं. पंगतीच्या दिवशी पावडरीला सुट्टी असते हे नगरसेवकांना माहीत होतं, मुख्याधिकाऱ्यांना माहीत होतं. वाड्यातल्या माणसांना तेवढं ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या पंगतींसाठी कधी कोणी पावडर बंद ठेवली नव्हती. टाकीवरच्या त्यांनी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. 'मला साहेबांनी सांगितलं होतं', एवढंच. माझी नोकरी त्या वाक्यावर होती.

"चुकी व्हयनी," ते म्हणाले.

दारातून कोणीतरी हुंदका दिल्याचा आवाज आला, आणि ती सगळी माणसं मागे फिरली.

त्यांना कामावरून बंद केलं. रोजंदारी असल्यामुळे त्याला फार कागदही लागले नाहीत. कायम करायच्या माणसांची यादी त्याच पावसाळ्यात निघायची होती आणि तिच्यात त्यांचं नाव होतं, ते गळालं. पण नोकरी ही गोष्ट दुसरी. पहिली गोष्ट ही की त्यांचा वाडा त्यांना म्हणू लागला, आपला माणूस टाकीवर होता आणि त्यानंच आपल्याला मारलं. शेजारचं घर बोलेनासं झालं. विहारात ते मागे, दाराशी बसू लागले. हे मला हजेरीच्या वेळी झाडूवाल्यांकडून कळायचं. मी ऐकायचो आणि पुढचं नाव पुकारायचो.

मी मात्र सुधारलो. गटारीतला पाइप चार दिवसांत बदलून घेतला. त्यानंतर मी एकही दिवस पावडर चुकू दिली नाही. पंगत असो की मंत्री येवोत, लग्नघरी साध्या पाण्याचा टँकर जायचा आणि टाकीत पावडर पडायची. शेवटच्या टोकाच्या नळावर मी स्वतः जायचो. पुढच्या सगळ्या गावांत मी असाच वागलो, आणि कडक साहेब म्हणून माझं नाव झालं. टँकरची युक्ती सगळे माझीच समजायचे. दोन ठिकाणी तर तिच्याबद्दल माझा सत्कारही झाला, आणि मी नाही म्हणालो नाही.

आणि आणखी एक. त्यांनी माझं नाव का घेतलं नाही, याचं मी मनाशी उत्तर ठरवून टाकलं होतं. माझ्याबद्दलच्या मायेनं. गमबूट आठवून. बायकोला एकदा मी ही सगळी हकीकत अर्धीमुर्धी सांगितली तेव्हा म्हणालो, गरीब माणूस, पण मन मोठं, मला सांभाळून घेतलं त्यानं. सांगताना माझे डोळे ओले झाले होते. आज तो प्रसंग आठवला की स्वतःची किळस येते.

सात-आठ वर्षांनी मी जळगावला होतो. एका कामासाठी त्या गावी जावं लागलं. काम दुपारी आटोपलं आणि बसला वेळ होता. मी बौद्धवाड्यात गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा माफी मिळेल, आणि ती सहज मिळेल, असं वाटत होतं.

ते घरासमोर बाज विणत बसले होते. केस पांढरे झालेले. मला त्यांनी लगेच ओळखलं. "या साहेब," म्हणाले आणि दुसरी बाज पुढे ओढली. त्यांच्या बायकोनं आतून पाणी आणून दिलं आणि उंबऱ्याशी बसली.

"आबा," मी म्हणालो. पहिल्यांदाच म्हणालो. "मी तुमच्याशी फार वाईट वागलो."

"माले ठाऊक शे," ते म्हणाले. हात दोरी ओढतच होते.

"त्या दिवशी तुम्ही बोलला असतात तर माझी नोकरी गेली असती. तुम्ही माझ्यासाठी..."

त्यांचे हात थांबले. "तुम्हनासाठे नही, साहेब."

ते सावकाश बोलले, राग नव्हता आवाजात. "आमनी बठ्ठी गल्ली त्यासना जिनमा कामले जाये. मी पंगतनं नाव काढतू, ते आमना पोरे चिडीसन त्यासना दारवर जातात. मंग दिवायीले एकबी मानूसले कामवर बलावतात नही. तुम्हना इचार मी करा बी नही."

माझा विचारही त्यांनी केला नव्हता. पंगतीचं नाव निघालं असतं तर वाड्यातली पोरं नानांच्या दारात गेली असती, आणि दिवाळीनंतर जिन सुरू झाल्यावर त्या गल्लीतल्या एकाही माणसाला काम मिळालं नसतं. सभागृहात त्यांनी दाराकडे पाहिलं होतं ते यासाठी. ज्या माणसांनी पुढे त्यांच्याशी बोलणं टाकलं, त्यांची चूल पेटती राहावी म्हणून त्यांनी चूक अंगावर घेतली होती. आणि मी इतकी वर्षं त्यातला गमबुटाचा वाटा मोजत होतो.

"मी आता काय करू?" मी विचारलं. "वरच्या साहेबांना पत्र लिहू? सगळं खरं लिहितो."

"पत्र कोन वाची? आते ते जिन बी बंद शे." त्यांनी गल्लीकडे हात केला. "आठे सांगा. चार लोकेस्ना समोर. पावडर मी टाकी नही, हाई खरं शे. पन माले सांगेल व्हतं. इतलंच सांगा. चला, आते बठ्ठा घरच शेत."

इथं, चार लोकांसमोर एवढंच सांगायचं होतं, की पावडर त्यांनी टाकली नाही हे खरं, पण तसं त्यांना सांगितलेलं होतं. संध्याकाळ व्हायला आली होती. समोर सार्वजनिक नळावर बायका होत्या. शेजारच्या ओट्यावर एक माणूस बसला होता, त्याच्याजवळ दोन मोठी मुलं. तो गेलेल्या बाईचा नवरा होता. मी त्याला ओळखलं. दहा पावलांचं अंतर असेल.

मी घड्याळात पाहिलं.

"आत्ता बस आहे माझी," मी म्हणालो. "येत्या रविवारी येतो. खास येतो."

"बरं," ते म्हणाले आणि दोरी हातात घेतली.

उंबऱ्याशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं विचारलं, "आइतवारले कितला वाजता?"

"दहाला," मी म्हणालो.

मी गेलो नाही. त्या रविवारी मी घरी होतो, कुठलीही अडचण नव्हती. दहा वाजले तेव्हा मी दाढी करत होतो. पुढे त्या पालिकेतला एक झाडूवाला जळगावला भेटला, त्यानं सहज सांगितलं की आबांनी एका रविवारी गल्ली गोळा केली होती. दारात सतरंज्या टाकल्या होत्या. शेजारच्यालाही हात धरून आणून बसवलं होतं. कोणी साहेब येणार आहेत म्हणाले. दुपारपर्यंत लोक बसले आणि मग उठून गेले. म्हातारपणात असं होतं, झाडूवाला म्हणाला.

त्यानंतर दोन वर्षांनी ते वारले. मला कळलं, मी गेलो नाही.

आता मी मोकळा आहे. तिकडे जायला रोज बस आहे, नळावरच्या बायका बदलल्या असतील, पण गल्ली तीच आहे, आणि तिथं आजही आबांचं नाव निघालं की त्या उन्हाळ्याचं नाव निघत असणार. जाऊन सांगायला मला कोणी अडवलेलं नाही. मी गेलो नाही, हे लिहीत बसलो. आणि लिहितानाही गावाचं नाव लिहिलं नाही, नानांचं खरं नाव लिहिलं नाही, आबांचंही लिहिलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल, कोणाला दुखवायला नको म्हणून. तसं नाही. त्यांचं नाव इथं आलं तर त्या गल्लीतलं कोणीतरी वाचेल आणि ओळखेल की ही आपल्या आबांची हकीकत आहे. त्यांनी माझ्याकडे एवढंच मागितलं होतं. पण त्यांचं नाव आलं की साहेब कोण हेही गल्लीला कळेल. म्हणून ते लिहिलेलं नाही.